चार वाजताची लाँच

१

तीन मार्च एकोणीसशे बासष्ट. दुपारी चार वाजता बोनकोड्याच्या धक्क्याला सरकारी लाँच लागली. त्याच वेळी त्याच धक्क्यावर सगुणा नावाची बाई बाळंतपणात अडून तळमळत होती. लाँच चालवणारा तांडेल धर्मा याने तिला लाँचवर घ्यायचं नाकारलं. लाँच रिकामी परतली आणि बाई धक्क्यावरच गेली, पोटातल्या बाळासकट.

हे माझ्या टेबलावरच्या फायलीत होतं. फाईल सुबक होती, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या खात्यात खऱ्या गोष्टींच्या फायली कधी सुबक नसायच्या.

मी त्या खात्यात चौकशी अधिकारी होतो. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "विधानसभेत प्रश्न येणार आहे. सरकारने लाँच दिली, धक्का बांधला, मग बाई मेली कशी, असा. उत्तर तयार आहे. तांडेल दोषी. तुम्ही जाऊन या, आठ दिवसांत अहवाल द्या, मग पोलीस बघतील."

फायलीत तीन कागद महत्त्वाचे होते. पहिली फेरीवही. तिच्यात रोजच्या दोन फेऱ्या, सकाळी आठ आणि दुपारी चार, उतारूंची संख्या आणि खाली धर्माचा अंगठा. दुसरा कागद धक्क्यावरच्या तिकीटबाबूचा, शिवाचा जबाब: लाँच चार वाजता आलेली मी पाहिली. तिसरा आमचे इन्स्पेक्टर नामदेवराव यांचा अहवाल. लाँच खात्याची होती, पण चालवायचा ठेका चांगदेवशेठ या मिठागरवाल्याकडे होता आणि फेरीमागे त्याला सरकारी अनुदान मिळायचं. वहीत फेरी लागली की अनुदान लागलं.

एप्रिलच्या सुरुवातीला खात्याच्या जीपने ठाण्यावरून धूळ खात मी बोनकोड्याला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. धक्का देखणा होता. पायऱ्यांना पाणी लागलेलं, वर निळी पाटी: सकाळी ८, दुपारी ४. पाटीखाली एक म्हातारी बसली होती. मी तिला विचारलं, "आजी, सकाळची लाँच गेली का?"

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कंची लाँच?" ती म्हणाली.

२

म्हातारीचं नाव बायजा. सगुणा तिची सून. मी कोण ते सांगितल्यावर ती उठली नाही की रडली नाही, फक्त पाटीच्या सावलीत सरकून मला जागा दिली.

"मदानरातीला कळा चालू झाल्या," ती म्हणाली. "आमची सुईन बोलली, मूल आडवं हाय, पलीकडं इस्पितळात न्या. सकाळी बाजेवर घालून चौघांनी हितं आनली. पानी चढत व्हतं. दिस हितकाच वर आलता." तिने हाताने दाखवलं. आठच्या सुमारास असावं.

"फायलीत आहे की तुम्ही तिला साडेतीनला आणलीत."

"साडेतीनला?" ती माझ्यावर खेकसली. "साडेतीनला हितं कशाला आनू? साडेतीनला हितं काय हाय?"

मी ते म्हातारीच्या त्राग्यात जमा केलं. नोकरीत माणूस असा बहिरा होतो.

"मग आठपासून तुम्ही इथेच?"

"हितंच. वाटलं, भरतीला एखादी होडी तरी थांबंल. लाँच आली नाय, होडी आली नाय, गावात गाडी नाय. पानी गेलं. मंग काय करनार? बाजेवरच गेली, दुपारच्याला. दुसऱ्या दिशी शिवरात्र. आदल्या दिशीचा माझा एकादशीचा उपास, तो सोडलेलाबी नव्हता."

"लाँच किती दिवस येत नव्हती?"

"चालू झाली तवा दोन-तीन महिने आली. मंग नाय. वरीस उलाटलं."

माझ्यासमोर वही होती. वर्षभरात एकही दिवस न चुकलेली. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "मग वर्षभरात एकानेही तक्रार कशी केली नाही? तक्रारवही ठेवलेली आहे!"

"हाय ना," बायजा शांतपणे म्हणाली. "लाँचवर हाय. लाँच येल तवा लिवू."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

इतक्यात एक पोरगेलीशी बाई हातात पेजेचं भांडं घेऊन आली. पोट दिसत होतं. "ही माझी लेक मैना," बायजा म्हणाली. "पयल्या खेपेची हाय. आषाढात दिस भरतील. पावसात ठान्याचा रस्ता पान्याखाली जातो, गाडी जात नाय. साहेब, धर्मानं केलं का आनखी कुनी, ते मला नका सांगू. सून तर गेली. लाँच कवा येल तेवढं सांगा."

"खरं काय ते बाहेर आलं, की लाँच येईल," मी म्हणालो. "माझा शब्द."

अधिकाऱ्याने शब्द देऊ नये, हे मला कुणी तोवर शिकवलं नव्हतं.

३

लाँच चांगदेवशेठच्या मिठागराच्या बांधाला बांधलेली होती. मी आत शिरून बाकांवर हात फिरवला. दीड वर्षापूर्वी दिलेला हिरवा रंग जसाच्या तसा, कुठे एक ओरखडा नाही. वहीप्रमाणे त्या बाकांवर रोज पन्नास-साठ माणसं बसत होती. मच्छीच्या पाट्या घेऊन! मागे गेलो. तिथे दोर बांधायचा लाकडी खुंट होता. तो मात्र घासून घासून मनगटाएवढा बारीक झाला होता. लाँचने माणसं नेली नव्हती, पण काहीतरी जड ओढलं होतं, आणि पुष्कळ दिवस ओढलं होतं. बांधावर मिठाचे ढीग होते आणि बाजूला मीठ वाहायच्या बोटी, दोन रिकामे पडाव.

लाँच कुठे जात होती याचं उत्तर मिळालं. पण मग वही कुणी लिहिली?

धर्मा तांडेल आपल्या झोपडीच्या दारात जाळं विणत होता. झोपडी चांगदेवशेठच्या जागेत. मी वही त्याच्यापुढे धरली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

"आंगठा माजाच हाय," तो म्हणाला.

"तीन मार्चला चार वाजता तू धक्क्यावर होतास?"

"आंगठा माजाच हाय, साहेब."

"तुला तुरुंगात घालतील, कळतं का?"

"घालू द्या."

निर्दोष माणूस असं बोलत नाही. पण दोषी माणूसही असं बोलत नाही. मी वही घेऊन उन्हात उभा राहिलो आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. अंगठ्याची शाई पहिल्या पानावर गडद, दुसऱ्यावर जरा फिकी, अशी उतरत पंधराव्या पानावर अगदी पुसट. सोळाव्यावर पुन्हा गडद. रोज एक अंगठा उठवला असता तर रोज शाई लावली असती. इथे एकदा शाई लावून पंधरा पानं उरकली होती, एका बैठकीत. कोऱ्या पानांवर.

"धर्मा, हे अंगठे कुठे घेतले?"

"मुंबईच्या हापिसात. पगाराला जातो तवा."

तिकीटबाबू शिवा बोनकोड्याचाच. इंग्रजी चौथी झालेला, अंगात खात्याचा खाकी कोट. "लाँच चार वाजता आलेली मी पाहिली," तो म्हणाला, आणि जबाबात होता तोच शब्द न् शब्द पुन्हा म्हणून दाखवला. मी त्याला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पाठ केलेलं होतं.

चांगदेवशेठने चहा मागवला, माझ्यासाठी खुर्ची झटकली. "मी ठेकेदार. वही खात्याची, तांडेल खात्याचा. मला काय ठावं?" बोलता बोलता तो मध्येच थांबला, आगराकडे नुसती नजर टाकली आणि ओरडला, "ए, उघाडी लावा रे! पानी फिरलं!" गड्याने धावत जाऊन बांधाचं झडप खाली केलं. शेठच्या हातात घड्याळ नव्हतं.

लिहिता येणारी माणसं तीन. शिवा, चांगदेवशेठ आणि आमचे नामदेवराव. वहीत नुसते आकडे होते, ८, ४, ५३, ६१. आकड्यांवरून हात ओळखता येत नाही. मी रात्री गावच्या शाळेत मुक्काम केला तो हताश होऊनच.

४

दुसऱ्या दिवशी मी एक साधी गोष्ट केली. ती खात्यातल्या एकाही माणसाने दीड वर्षात केली नव्हती. मी दुपारभर धक्क्यावर बसून राहिलो.

बारा वाजता पाणी पायऱ्यांवरून उतरत होतं. एक वाजता शेवटची पायरी उघडी पडली. दोन वाजता धक्क्याच्या पायाशी गाळ दिसायला लागला. चार वाजता माझ्यासमोर तीन फर्लांग चिखल पसरला होता. त्यात निवटे, चिखलातले मासे, उड्या मारत होते, आणि खाडीचं पाणी पार पलीकडे एका चकचकीत रेघेएवढं उरलं होतं. तिथून लाँच धक्क्याला आणायची तर ती डोक्यावर घेऊन यावी लागली असती.

बायजा मैनेला घेऊन आली. मी चिखलाकडे बोट केलं.

"मंग?" ती म्हणाली. "काल तेच तर बोलले. साडेतीनला हितं काय हाय?"

"सगुणा गेली त्या दिवशीही असंच होतं?"

"द्वादशी व्हती ना ती." लहान मुलाला सांगावं तसं तिने मला सांगितलं. "तिथीची पाऊनपट करायची. बाराची पाऊनपट नऊ. नवाला भरती, तीनाला सुकती. आमची खाडी आत हाय, म्हनून आनखी पाऊन तास. हे आमच्या पोरींनापन येतं. म्हनून तर सकाळी आनली तिला."

मी चिखलाकडे पाहत राहिलो, आणि सगळी गाठ आपोआप सुटली. या धक्क्याला भरतीच्या आगेमागे दोन-दोन तासच लाँच लागू शकत होती. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. खरी लाँच कधी आठला आली असती, कधी अकराला, कधी दुपारी दोनला. खऱ्या वहीत रोज वेगळी वेळ असती. आमच्या वहीत चौदा महिने रोज आठ आणि चार. निळ्या पाटीवर होतं तेच.

मग ही वही धर्माने सांगून लिहवलेली नव्हती. तो तांडेल. शिवाने लिहिलेली नव्हती. तो या चिखलात लहानाचा मोठा झालेला. त्याने खोटं लिहिलं असतं तरी पाण्याला धरून लिहिलं असतं. चांगदेवशेठ तर घड्याळावाचून भरती ओळखणारा, त्याचं मीठ भरतीवरच पिकतं. या तिघांपैकी कुणाच्या हातून द्वादशीला दुपारी चारची फेरी लिहिली जाणं शक्य नव्हतं. ती लिहील असा एकच माणूस उरत होता, ज्याने हा धक्का ओहोटीला कधी पाहिलाच नव्हता.

आमच्या खात्यातला.

मी धर्माकडे गेलो. "तू धक्क्यावर नव्हतास, हे मला कळलं," मी म्हणालो. "मग तुरुंगात कशाला जातोस?"

त्याने जाळ्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "मी खाडीत व्हतो. शेटचे मिठाचे दोन पडाव मागं बांधून मुंबईला चाललो व्हतो. नऊ-साडेनऊला. धक्क्यावर लाल लुगडं हालवत व्हतं कुनीतरी. मला दिसलं. पडाव सोडले तर शेट घर सोडायला लावील. मी मनाला बोललो, पोरं खेलत असतील." त्याच्या हातातली सुई थांबली. "पोरं नव्हती, ते मला ठावं व्हतं."

तो ज्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जायला निघाला होता, तो फायलीत कुठेच नव्हता.

५

नामदेवराव मनमिळाऊ गृहस्थ. पांढरी शर्ट-पँट, खिशात दोन पेनं, कुणाच्याही मुलीच्या लग्नाला हजर. मुंबईच्या कचेरीत मी त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांची दौऱ्याची डायरी मागितली. त्यांनी ती आनंदाने दिली. महिन्यात दोन भेटी, एकही चुकलेली नाही, प्रत्येकीचा प्रवासभत्ता घेतलेला.

"सोळा फेब्रुवारीला तुम्ही बोनकोड्याला होता?"

"अर्थात. लिहिलंय ना." त्यांनीच वाचून दाखवलं, "दुपारी चार वाजता लाँच वेळेवर धक्क्यास लागली. पायऱ्यांवरून लाँचवर जाऊन तपासणी केली. उतारू चोपन्न. सर्व व्यवस्थित."

"पायऱ्यांवरून थेट लाँचवर?"

"हो. एक पाऊल टाकलं की लाँच. सुंदर धक्का आहे."

सोळा फेब्रुवारीलाही द्वादशीच होती, शुद्ध पक्षातली. मी शाळेतल्या पंचांगात पाहून आलो होतो.

"आणि चिखल?" मी विचारलं.

"कसला चिखल?"

"चार वाजता असतो तो. तीन फर्लांग."

नामदेवरावांचा चेहरा बदलला. पण भीतीने नव्हे. ते खरोखर चकित झाले होते. "तिथे चिखल असतो?" ते म्हणाले. "कधीपासून?"

माझ्या उभ्या नोकरीत मी इतका प्रामाणिक कबुलीजबाब ऐकला नाही.

पुढचं सगळं भराभर आलं. दर पगाराला धर्माकडून कोऱ्या पानांवर अंगठे, मागाहून पाटी पाहून आकडे. चांगदेवशेठला दिवसभर मोकळी लाँच आणि वर अनुदान. नामदेवरावांना घरबसल्या भत्ता आणि शेठची मर्जी. बाई मेल्यावर वही खोटी पडू नये म्हणून तीच वही धर्माच्या गळ्यात, आणि शिवाकडे टाइप केलेला जबाब. शिवाला मी हे सांगितलं तेव्हा तो कोटाची बटणं चाचपत म्हणाला, "लिवलेलं आलं साहेब, सही केली. नोकरी हाय."

आणखी एक शोध लागला, तो मला कुणी लावायला सांगितला नव्हता. धक्क्याची जागा ठरवायला कचेरीतून साहेबलोक गेले होते पौर्णिमेला. उद्‌घाटन झालं कोजागिरीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता. दोन्ही वेळा पाणी काठोकाठ. गावकऱ्यांनी धक्का आणखी दक्षिणेला, खोल पाण्यावर मागितला होता. त्या अर्जावर शेरा होता: अनावश्यक. खाली सही मोठ्या साहेबांची.

मी अहवालात हेही लिहिलं. बेचाळीस पानं झाली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि याचा मला फार अभिमान वाटला.

६

मोठ्या साहेबांनी अहवाल दोन दिवस ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि, देवाशपथ सांगतो, माझी पाठ थोपटली.

"उत्तम काम. तांडेलावरचा आरोप मागे घेतो. नामदेवरावांची बदली करतो. ठेका रद्द."

"आणि लाँच?"

"तेच सांगतोय." त्यांनी अहवालाचं सत्ताविसावं पान उघडलं. त्यावर त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. "तुम्हीच सिद्ध केलंय. चौदा महिने लाँच चालली नाही. तरी त्या भागाचा व्यवहार थांबला नाही. म्हणजे या सेवेची गरज नव्हती. धक्का चुकीच्या जागी आहे, हेही तुम्हीच म्हणता. मग जनतेचा पैसा त्यात का घालायचा? सरकार खर्चाला जबाबदार असतं. सभागृहात मंत्री हेच उत्तर देणार आहेत, तुमचा अहवाल हातात घेऊन."

"साहेब, बाई मेली तिथे. गरज होती म्हणून मेली."

"एक बाई." ते हळू आवाजात म्हणाले. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला भांडता आलं असतं. "धक्का हलवण्याबद्दल तुमची शिफारस योग्य वेळी विचारात घेऊ."

सभागृहात उत्तर झालं. म्हणे बाकं वाजली.

हुकूम गावात पोचवायला मी स्वतः गेलो. टपालाने पाठवता आला असता. ज्येष्ठ लागला होता, आभाळ खाली उतरलं होतं. धर्मा शेठच्या जागेतून निघून बहिणीच्या पडवीत राहत होता. आरोप मागे घेतल्याचं पत्र मी वाचून दाखवलं, तर त्याने ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. बायजा मैनेचे पाय चेपत बसली होती. मैनेच्या पायांना सूज होती. मला पाहून बायजेचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"चालू झाली?" तिने विचारलं.

मी हुकूम वाचला. सरकारी मराठी तिला कळेना, म्हणून सोपं करून पुन्हा सांगितलं.

ती पुन्हा मैनेचे पाय चेपायला लागली. मग म्हणाली, "म्हंजे तुमी खरं लिवलंत म्हनून बंद झाली?"

"हो."

"मंग खोटं व्हतं ते काय वाईट व्हतं, साहेब? कागदावर तरी येत व्हती. कवातरी खरीच आली असती."

या प्रश्नाचं उत्तर मी नोकरीच्या उरलेल्या एकोणीस वर्षांत शोधलं आणि सापडलं नाही. त्या दिवशी मी मैनेला इतकंच म्हणालो, की पाऊस लागायच्या आत ठाण्याला कुणा नातेवाइकाकडे जाऊन राहा. तिने मान हलवली. ठाण्यात त्यांचं कुणी नव्हतं, हे मला जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरने सांगितलं.

त्या आषाढात बोनकोड्यात काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारायला मी गेलो नाही. पावसात रस्ता बंद असतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण आश्विनात रस्ता उघडतो, आणि त्यानंतरचे एकोणीस आश्विन मी कचेरीतच होतो.